मुदत

पत्र्याच्या पिंपात हात घालून अनयाने चिठ्ठी काढली आणि ती कोरी निघाली. झालं ते एवढंच. चौथीच्या वर्गाची सहल होती. जुन्या काळी या भागात वसायला आलेले लोक कसे राहत होते ते मुलांना दिसावं म्हणून त्यांच्या अल्फारेटा गावाच्या उत्तरेला तासाभरावर एक शेत राखून ठेवलं होतं: ओंडक्यांची दोन घरं, एक कोठार, एक विहीर, आणि लांब झगा घातलेली, डोक्याला सुती टोपडं बांधलेली मिस लोरेन नावाची गाइड. तिने पिंप गरगर फिरवलं आणि सांगितलं, की जॉर्जियात त्या वेळी जमीन अशीच मिळायची, लॉटरीने. एका पिंपात लोकांची नावं, दुसऱ्यात चिठ्ठ्या. ज्याचं नशीब त्याच्या चिठ्ठीवर जमिनीचा तुकडा, बाकीच्या कोऱ्या. मुलांनी ओरडत ओरडत चिठ्ठ्या काढल्या. ज्यांना जमीन लागली ती नाचली आणि ज्यांना नाही लागली तीही नाचली, कारण शाळा बुडाली होती आणि ऊन छान होतं. अनया नाचली नाही. तिने चिठ्ठी उलटून पाहिली, पुन्हा सुलटी केली, आणि मग शाळेत शिकवलेल्या अदबीने हात वर करून इंग्रजीत विचारलं, "जे लोक आधीपासून इथे राहत होते, त्यांना किती वेळ मिळायचा? निघायला?"

आश्लेषा मागे उभी होती. सहलीला मदतीला आलेल्या पालकांचा पिवळा स्टिकर तिच्या छातीवर होता आणि खांद्याला पाण्याच्या बाटल्यांची जड पिशवी. पाच मुलं तिच्या वाटणीला आली होती, त्यांत अनया होती आणि मैत्रिणीचा, कादंबरीचा, मुलगा नकुल होता. लेकीचा प्रश्न तिने ऐकला आणि आधी तिला काहीच वाटलं नाही; मग तिला तो ओळखू आला. हा प्रश्न तिचा होता. जसाच्या तसा. 'किती वेळ मिळतो आपल्याला, निघायला?' असं तिने नवऱ्याला, सिद्धेशला, विचारलं होतं, मराठीत, बाथरूमचं दार लावून, वरचा पंखा मुद्दाम चालू ठेवून. त्या घरघरीत तिचा आवाज तिला स्वतःलाच धड ऐकू आला नव्हता. सिद्धेश टबच्या काठावर बसला होता, टॉवेलच्या दशा ओढत, आणि म्हणाला होता, "दोन महिने. हळू बोल." आणि आता तोच प्रश्न इथे, टळटळीत उन्हात, पंचवीस मुलांच्या समोर, अनयाच्या स्वच्छ अमेरिकन उच्चारांत उभा होता, जणू तो कधी मराठीत जन्मलाच नव्हता. आपली भाषा आपल्याला आडोसा देते असं आश्लेषा धरून चालली होती. अनया मराठी बोलत नाही, विचारलं तर इंग्रजीत उत्तर देते, म्हणजे तिला ती पुरती कळतही नसणार, असा काहीतरी सोयीचा हिशेब त्या दोघांनी न बोलता केलेला होता.

मिस लोरेनचं हसू होतं तिथेच थांबलं. तिने पिंपाच्या दांड्यावरचा हात काढला. "ते चेरोकी लोक होते, हनी," ती म्हणाली. "त्यांना थोडी मुदत दिली होती. ती संपल्यावर सैनिक आले आणि त्यांना इथून हलवलं. फार वाईट झालं ते. काही थोडे डोंगरात लपून राहिले, आणि मग ते तिकडेच राहिले." तेवढ्यात वर्गाच्या बाई, मिसेस हॅलोरन, टाळ्या वाजवत पुढे आल्या आणि म्हणाल्या, "चला, लोणी कोणाकोणाला काढायचंय?" सगळे हात वर गेले. अनयाचाही गेला. म्हणजे हे एवढंच, आश्लेषाने स्वतःला सांगितलं. हुशार मूल आहे, विचारते काहीबाही.

"तुझी लेक ना, वकील होणार बघ," कादंबरी शेजारी येऊन म्हणाली. तीही मदतीला आली होती. तिच्या छातीवरही पिवळा स्टिकर होता, आणि डोळ्यांवर मोठा काळा चष्मा. "नाहीतर आमचा नकुल. जमीन लागली तर विचारतो, तिथे वायफाय आहे का. मी म्हटलं, बाळा, तिथे संडास पण नव्हता." आश्लेषा हसली. हसणं तिला आता जमायला लागलं होतं. कादंबरीचं घर दोन गल्ल्या पलीकडे. तिच्याकडे गणपती बसतो, दिवाळीचा फराळ होतो, आणि तिथे बोललेली गोष्ट दुसऱ्या दिवशी मंडळाच्या व्हॉट्सअॅपवर नसली तरी सगळ्यांच्या चेहऱ्यांवर असते. म्हणून तिला काही सांगायचं नाही असं ठरलं होतं. कोणालाच सांगायचं नाही. आधी नोकरी मिळू दे, मग गंमत म्हणून सांगू, असं सिद्धेश म्हणाला होता. दसरा झाल्यावरच्या सोमवारी, ती मेथी निवडत असताना, तो तिच्यासमोर येऊन बसला आणि काड्या वेगळ्या करू लागला, आणि बऱ्याच काड्या झाल्यावर म्हणाला की आज त्याला कामावरून काढलं. पूर्ण टीम गेली. त्याचा चेहरा शांत होता. तिला तेव्हा त्या शांतपणाचं कौतुक वाटलं होतं. तिचं इथलं राहणं त्याच्या नोकरीला टांगलेलं, अनयाचंही. ती खुंटी निघाली की तिघांना खाली उतरावं लागणार हे तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिला वाटलं, हा माणूस आपल्यासाठी शांत राहतोय.

लोणी काढायचं उभं लाकडी भांडं अंगणात ठेवलं होतं. झाकणाच्या भोकातून वर आलेला दांडा एकेका मुलाने वीस वेळा खालीवर करायचा. आतून घुसळल्याचा जाड, ओला आवाज येत होता. अनया रांगेत उभी राहून बूट मातीत घासत होती. ती पाठीमागून अगदी नेहमीसारखी दिसत होती: वेणी एका बाजूला सैल, जॅकेट कमरेला बांधलेलं. आश्लेषा त्या पाठीकडे बघत राहिली. या पाठीला काय माहीत आहे? आपण बाथरूमचं दार बंद करतो तेव्हा ही पाठ दाराच्या पलीकडे असते का? रोज सकाळी सिद्धेश इस्त्रीचा शर्ट घालतो, लॅपटॉपची बॅग घेतो, डबा घेतो, "बाय पिल्लू" म्हणतो आणि गाडी काढतो. तो लायब्ररीत जातो. तिथे बसून अर्ज करतो, फोनवर मुलाखती देतो, आणि साडेपाचला घरी येतो, पूर्वी यायचा तसा. अनयाला कळू द्यायचं नाही हे त्याचंच म्हणणं होतं. "तिचं कशाला बिघडवायचं, यार? महिन्याभरात मिळेलच कुठेतरी." आश्लेषाला ते पटलं नव्हतं आणि तिने ते मान्य केलं होतं. अशा पुष्कळ गोष्टी ती मान्य करत आली होती. अमेरिकेच्या व्हिसाच्या लॉटरीत सिद्धेशचं नाव लागलं तेव्हा, पहिल्या वर्षी नाही, दुसऱ्या, पुण्याला सासूबाईंनी पेढे वाटले होते. ती नागपूरची नोकरी सोडून आली होती आणि इथे आल्यावर तिला कळलं होतं की तिला काम करता येणार नाही. तेव्हाही तिने म्हटलं होतं, चालेल, होईल काहीतरी. 'चालेल' हा शब्द तिच्या तोंडात लिमलेटच्या गोळीसारखा कायमचा असायचा. चघळत राहिलं की संपतो आणि चव काही वेळ राहते.

आणि हे न सांगणं. हे तर तिला चांगलंच ओळखीचं होतं. तिचे वडील पाटबंधारे खात्यात होते, दोन-तीन वर्षांनी बदली ठरलेली. गोंदिया, वाशिम, मग वरोरा. बदलीची कुणकुण आईवडिलांना महिनाभर आधी लागायची, पण मुलांना सांगायचं नाही, परीक्षा होऊ देत, उगाच अभ्यासावर परिणाम. मग एक दिवस ती शाळेतून यायची तर दारात ट्रक उभा. वाशिमला असाच ट्रक उभा होता, आणि तिची सगळ्यात जवळची मैत्रीण त्या दिवशी तापामुळे शाळेत आलेली नव्हती. ती रडली तेव्हा आई म्हणाली, "आधी सांगून काय केलं असतंस? महिनाभर रडत बसली असतीस. तेवढं रडणं वाचलं की नाही?" आईला खरोखर तसं वाटत होतं. पण खरी गोष्ट अशी होती की आश्लेषा महिनाभर रडतच होती, डोळ्यांतून पाणी न काढता. घरात काहीतरी शिजतंय हे तिला समजत होतं. ती आत आली की आवाज खाली जायचे. आई एकदम लाड करायची, शिरा करायची. शिऱ्याची भीती वाटावी असं ते बालपण होतं. आणि वरोऱ्याला पोचले तेव्हा आणखी एक झालं. ते एक दिवस लवकर पोचले होते. क्वार्टर अजून रिकामं झालेलं नव्हतं. आधीच्या साहेबांचं कुटुंब आतच होतं, त्यांच्या फोडणीचा वास बाहेर येत होता. आई म्हणाली, "आत जाऊ नको, त्यांचं जेवण होऊ दे." म्हणून ती ट्रकच्या सावलीत उभी राहिली, आणि दाराच्या पायरीवर तिच्याच वयाची एक मुलगी बसली होती, दप्तर मांडीवर घेऊन. ती मुलगी रागावलेली नव्हती. ती फक्त बघत होती, आपल्या जागी कोण येतंय ते. आश्लेषाने मान वळवली. नंतर दोन वर्षं ती त्या घरात राहिली; स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा होत्या, त्या मुलीची उंची मोजलेली, आणि आश्लेषा दर वेळी त्या रेघांशी स्वतःला मापायची. त्या मुलीचं नाव तिला कधी कळलं नाही. पण आपण आई झालो की मुलांना सगळं सांगायचं, आधीच सांगायचं, हे तिने त्याच चौकटीला टेकून ठरवलं होतं. आणि आज बाथरूमचा पंखा.

"आंटी, माझी बाटली," कोणीतरी म्हणालं. तिने पिशवीतून बाटली काढून दिली. लोणी निघालं होतं. मिस लोरेन ते खारट बिस्किटांना लावून मुलांना देत होती. मग झाडाखाली डबे उघडायची वेळ झाली. आश्लेषाने आपली मुलं मोजली. चार होती. पुन्हा मोजली. नकुल होता, त्याच्या शेजारची जुळी होती, लाल टोपीवाला मुलगा होता. अनया नव्हती. आपलीच नव्हती. आधी तिला लाज वाटली, भीती नंतर आली. ती संडासाच्या बाजूला गेली, तिथे रांग होती, रांगेत अनया नव्हती. ओंडक्यांच्या घरात गेली. आत अंधार, राखेचा वास, आणि दोरीने विणलेली रिकामी खाट. विहिरीपाशी गेली. विहिरीवर लोखंडी जाळी होती तरी ती जाळीतून खाली बघत राहिली. परत आली तेव्हा तिचा चेहरा बघून कादंबरी उठली. "काय झालं गं?" "अनया दिसत नाहीये." "असेल इथेच. मी हॅलोरनला सांगते. नकुल, अनया कुठेय?" नकुल सँडविच चावत होता. त्याने चावणं थांबवलं, आश्लेषाकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. त्या पाहण्यात असं काही होतं की आश्लेषा त्याच्यासमोर उकिडवी बसली. "शी सेड शी वॉज गोइंग टू हाइड," तो म्हणाला. "फॉर प्रॅक्टिस."

घरांच्या मागे मक्याची कणसं साठवायचं एक कोठार होतं, जमिनीपासून वर उचललेलं, फळ्यांमध्ये हवेसाठी बोटभर फटी ठेवलेल्या. त्या फटींतून आश्लेषाला जॅकेटचा निळा रंग दिसला. दार कंबरेएवढं होतं. ती वाकून, जवळजवळ रांगत आत गेली. अनया वाळलेल्या कणसांच्या ढिगावर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. उन्हाचे उभे पट्टे तिच्या अंगावर पडले होते. आश्लेषाला ओरडायचं होतं. तिच्या तोंडात ओरडणं तयारही झालं होतं. पण अनया म्हणाली, "दॅट वॉज फास्ट," आणि तिच्या आवाजात निराशा होती. तिला वाटलं होतं, शोधायला जास्त वेळ लागेल.

आश्लेषा तिच्याशेजारी बसली. कणसं तिच्या अंगाखाली सरकली, करकरली. बाहेर कादंबरी हाका मारत होती. आश्लेषाने फटीतून हात बाहेर काढून हलवला आणि ओरडून सांगितलं की सापडली, येतोच. "मिस लोरेन म्हणाली ना," अनया इंग्रजीत सांगू लागली, हळू, समजावणीच्या सुरात, "काही लोक लपले आणि मग त्यांना जावं लागलं नाही. मला बघायचं होतं, मी किती वेळ लपू शकते." आणि मग, उत्तराची वाट न बघता, "बाबाचा जॉब गेलाय. आय नो."

आश्लेषाला वाटलं होतं की हे ऐकलं की आपल्याला रडू येईल. तसं झालं नाही. तिला मोकळं वाटलं, आणि त्या मोकळेपणाची शरम वाटली. "कोणी सांगितलं तुला?" तिने मराठीत विचारलं. अनयाने खांदे उडवले. नकुलने सांगितलं होतं. नकुल लायब्ररीत बुद्धिबळाच्या क्लासला जातो, त्याने बाबाला तिथे पाहिलं होतं. मग पुन्हा पाहिलं. नकुलने कुणाला सांगितलं नाही, त्याच्या आईलापण नाही, कारण अनयाने त्याच्याकडून वचन घेतलं होतं. आश्लेषाच्या डोळ्यांसमोर सँडविच चावणारं ते खाली घातलेलं डोकं आलं. कादंबरीच्या घरात राहून एक मूल इतके दिवस गप्प राहिलं होतं. "कधी पाहिलं त्याने?" "गणपतीत. त्यांच्याकडे आपण आरतीला गेलो होतो ना, त्या वीकमध्ये." "गणपतीत नाही गं. दसऱ्यानंतर." "नो, आई. गणपती." आश्लेषाने वाद घातला नाही. मुलांना सणांचा क्रम कुठे लक्षात असतो, आणि इथे वाढणाऱ्या मुलांना तर नाहीच. सगळे सण शनिवार-रविवारी येतात.

"मग मला का नाही विचारलंस?" "कारण तुम्हाला सांगायचं नव्हतं," अनया म्हणाली, जणू हे उघडच होतं. "आणि बाबाला बरं वाटतं. मी विचारते ना रोज, हाउ वॉज वर्क. मग तो सांगतो. सांगताना तो हॅपी असतो." रोज संध्याकाळी हे तिच्यासमोर घडत होतं. सिद्धेश बूट काढत असायचा आणि अनया पायऱ्या उतरून यायची, विचारायची, आज ऑफिसमध्ये काय झालं. आणि तो सांगायचा, मीटिंग लांबली, कॉफीचं मशीन बिघडलं, ब्रायनचा वाढदिवस होता तर केक इतका गोड की कोणी खाईना. अनया आणखी विचारायची. केक कुठला होता? कोणी कापला? आश्लेषा स्वयंपाकघरातून ऐकायची आणि तिला वाटायचं, पूर्वी ही असं विचारत नसे, हल्ली बापावर जीव जडलाय. तिला या देखाव्यात आपण आणि सिद्धेश दोघंच नट आहोत आणि अनया प्रेक्षक आहे असं वाटत होतं. आणि ती नऊ वर्षांची मुलगी मात्र रोज पायऱ्या उतरून त्याच्या हातात पुढचं वाक्य देत होती, तो अडू नये म्हणून. "ब्रायन खरा आहे का?" अनयाने विचारलं. "खरा आहे," आश्लेषा म्हणाली. "त्यांच्या टीममध्ये होता." "ओके. गुड," अनया म्हणाली. तिने एक कणीस उचललं आणि दाणे अंगठ्याने एकेक सुटे करू लागली. "आर वी गोइंग टू हॅव टू गो?"

खोटं सांगता आलं असतं. आश्लेषाच्या आईने सांगितलं असतं, आणि शिरा केला असता. "माहीत नाही," ती म्हणाली. "बाबा शोधतोय. डिसेंबरच्या मध्यापर्यंत वेळ आहे. नाही मिळाली तर जावं लागेल. पुण्याला, आजीकडे. नाहीतर नागपूरला. मला खरंच माहीत नाही अनू, पण आता जे कळेल ते तुला सांगेन. आपल्यात लपवायचं नाही." बोलताना तिला आपला आवाज मोठा, मोकळा, पंख्याविना ऐकू येत होता. अनयाने मान हलवली. मग तिने आश्लेषाच्या दंडाला डोकं टेकवलं आणि रडली, पण थोडंच, नाक ओढत, शाळेच्या कपड्यांत मुलं रडतात तसं. नंतर म्हणाली, "मला भूक लागलीय. तू डब्यात काय दिलंयस?"

परतीच्या बसमध्ये मुलं गाणी म्हणत होती. अनया नकुलशेजारी बसली होती आणि दोघं मोबाइलशिवाय खेळता येईल असा काही हाताचा खेळ खेळत होते. आश्लेषा काचेला डोकं लावून बसली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडं लाल-पिवळी झाली होती, आणि दरवर्षी ती ज्यांचे फोटो काढून नागपूरला पाठवायची ती झाडं आज तिला नुसती पानं गाळणारी झाडं दिसत होती. घरं आली, ती सगळी सारखी, मग दुकानं, मग शाळा. तिने सिद्धेशला फोन करायला काढला आणि परत ठेवला. फोन केला तर तो तयारी करेल. त्याला तयारी करू द्यायची नाही असं तिला वाटलं आणि या वाटण्यात थोडा दुष्टपणा आहे हेही तिला कळलं. गाडीत बसल्यावर तिने अनयाला विचारलं, "बाबाकडे जाऊ या?" अनयाने पट्टा लावता लावता विचार केला. "ही वोन्ट बी मॅड?" "नाही." "ओके."

लायब्ररीत दुपारची शांतता होती. मोठ्यांच्या टेबलांवर सिद्धेश नव्हता. ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून तो मुलांच्या विभागात, खिडकीच्या कोपऱ्यात बसला होता, एका ठेंगण्या गोल टेबलापाशी, ठेंगण्या खुर्चीत. गुडघे टेबलाच्या वर आलेले. शर्टाची इस्त्री अजून मोडली नव्हती. लॅपटॉप उघडा होता पण तो स्क्रीनकडे बघत नव्हता. तो खिडकीबाहेरच्या पार्किंगकडे बघत होता, आणि त्या येत असतानाच त्याने त्यांना पाहिलं असणार, कारण त्या जवळ गेल्या तेव्हा त्याचं हसू आधीच तयार होतं. "अरे! तुम्ही इकडे कशा? मी जरा एका मीटिंगसाठी, आज बाहेरच ठेवली होती, ब्रायन म्हणाला—" "बाबा," अनया म्हणाली. "इट्स ओके. यू डोन्ट हॅव टू."

त्याचं हसू लगेच गेलं नाही. ते चेहऱ्यावर थोडा वेळ मालकाविना राहिलं. मग त्याने आश्लेषाकडे पाहिलं. "तू सांगितलंस." "मी नाही," आश्लेषा म्हणाली. "तिला माहीत होतं. रोजचं आपलं नाटक तीच सांभाळून घेत होती." त्याने लॅपटॉप मिटला. अनया शेजारची खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसली, इतकी जवळ की तिचा खांदा त्याच्या दंडाला लागत होता. पलीकडे एक बाई दोन लहानग्यांना दबक्या आवाजात गोष्ट वाचून दाखवत होती. सिद्धेशने अनयाच्या केसांत अडकलेला मक्याचा पिवळा तंतू काढला, बोटांत धरला, पण तो कुठे टाकावा हे त्याला समजेना. "मिळेल गं मला नोकरी," तो म्हणाला. "आय नो," अनया म्हणाली. "पण हाउ लाँग डू वी गेट?"

आश्लेषा उत्तर देणार होती. उत्तर तिच्यापाशी होतं, मघाशीच तिने ते दिलेलं होतं. पण अनया तिला विचारत नव्हती. ती सिद्धेशकडे बघत होती, आणि सकाळी चिठ्ठ्यांच्या वेळी बघत होती तसंच, सरळ, उत्तर येईपर्यंत थांबायची तयारी ठेवून. रोज संध्याकाळी ज्याला वाक्यांमागून वाक्यं सुचत होती त्याला आता एकही सुचेना. "पुढचा शुक्रवार," तो म्हणाला.

"डिसेंबर," आश्लेषा म्हणाली. तिला वाटलं तो चुकला. "डिसेंबरचा मध्य. तू म्हणाला होतास." तो तिच्याकडे बघत नव्हता. "सिद्धेश." "नोकरी गणपतीत गेली," तो टेबलाला सांगावं तसं म्हणाला. "कादंबरीकडच्या विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी. मला वाटलं, दसऱ्यापर्यंत मिळेल. मग तुला सांगायची वेळच येणार नाही."

पलीकडच्या बाईने पान उलटलं. आश्लेषा उभीच होती, बाटल्यांची पिशवी अजून खांद्याला, ती शाळेत द्यायची राहून गेली होती. तिच्या मनात एकामागून एक डबे आले. त्या सगळ्या सकाळींचे डबे: भेंडी, मटकीची उसळ, दसऱ्याच्या आदल्या दिवशीची श्रीखंडाची डबी, ऑफिसमध्ये सगळ्यांना दे म्हणून तिने मुद्दाम मोठी भरलेली. ब्रायनचा वाढदिवस. त्या केकच्या गोष्टीवर ती हसली होती, ओट्याशी, पोळी लाटता लाटता, कारण तेव्हा तिला ते खरं वाटत होतं. ते दसऱ्याच्या आधीचं होतं. मेथीच्या काड्या निवडताना त्याचा तो शांत चेहरा. तो शांत नव्हता, तो पाठ झालेला होता. मघाशी कोठारात तिने किती ठामपणे म्हटलं होतं, डिसेंबरच्या मध्यापर्यंत. आणि ही मुलगी म्हणाली होती, नो, आई, गणपती.

अनयाने बापाकडे पाहिलं, मग आईकडे. तिच्या चेहऱ्यावर आधी गोंधळ आला आणि मग हळूहळू काहीतरी समजत गेलं. "यू डिडन्ट नो?" ती हलकेच म्हणाली. आश्लेषाने मान हलवली. नाही. तेव्हा अनया उठली. तिने आपली खुर्ची दोन्ही हातांनी उचलली, टेबलाला वळसा घालून आईच्या मागे आणून ठेवली आणि तिच्या खांद्यावरची पिशवी उतरवून घेतली. "आई, बस," ती मराठीत म्हणाली.

आश्लेषा बसली. खुर्ची इतकी बुटकी होती की बसताना तिला टेबलाचा आधार घ्यावा लागला. अनया तिच्या खुर्चीला टेकून उभी राहिली. सिद्धेशने मान वर केली. त्याचे डोळे लाल झाले होते आणि तो त्या दोघींपैकी कोणाकडे बघावं हे ठरवू शकत नव्हता.

"पहिल्यापासून सांग," आश्लेषा त्याला म्हणाली. "आणि हिच्यासमोर सांग."

त्याने एकदा खिडकीबाहेर पाहिलं, आणि मग तो सांगू लागला.